रांगेतली चौथी बादली

त्या यादीत अकरा वस्तू होत्या. आजही मी त्या न बघता सांगू शकते. रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलीचा शाळेचा दाखला, मुलीचं लसीकरणाचं कार्ड, कोपराच्या जुन्या एक्स-रेचं पाकीट, दोन साड्या, मुलीचे तीन फ्रॉक, चांदीचे पैंजण, झाकणाचा पितळी डबा, चादर, स्वेटर आणि भावाचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड. उन्हाळा होता, तरी स्वेटर लिहिला, कारण हिवाळा येणारच होता. अक्षर माझं होतं आणि सामान शेजारणीचं. ती नवऱ्याचं घर सोडून निघाली होती, आणि गल्लीत ही गोष्ट तिला आणि मला, दोघींनाच माहीत होती.

मला याद्यांची सवय लहानपणापासूनची. लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेला आले, गोडादऱ्यात खोली घेतली, तेव्हा आमच्या गल्लीत बावीस खोल्या होत्या आणि नळ एक. पाणी सकाळी आठला यायचं आणि पावणेदहाला जायचं. त्या पावणेदोन तासांत रोज भांडण. एकदा एका बाईच्या कपाळावर कळशी बसली, चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन नळावर उभी राहिले आणि नंबर लिहायला लागले. नियम एकच ठेवला. जिची बादली रांगेत, तिचा नंबर पक्का. बाई जागेवर नसली तरी चालेल, मागचीने तिची बादली पुढे सरकवायची.

बायका हसल्या. "आली आमची मामलेदारीण," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "घरात नवऱ्यालापण नंबर देतेस का गं?"

"देते. पण तो रांग मोडतो," मी म्हटलं, आणि त्या आणखी हसल्या. महिन्याभरात भांडणं थांबली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, दोन मुलं होती, आणि माझी अशी ठाम समजूत झाली की माणसं मारामारी करतात ती समोरचं काय चाललंय ते कळत नाही म्हणून. सगळं लिहून भिंतीवर लावलं की हात खाली येतात.

माझ्या नवऱ्याचं मत याहून पुढचं होतं. तो ज्या खात्यात कामाला होता (लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात) तिथे तो कापड तपासायचा. विणून झालेला कापडाचा ताका टेबलावरून ओढायचा, खाली ट्यूबलाइट, आणि जिथे धागा सुटलाय, डाग पडलाय, तिथे खडूने खूण करायची. खूण झाली की विणणाऱ्याची मजुरी कापली जायची. त्याने सख्ख्या चुलतभावाच्या ताक्यावर खुणा केल्या होत्या. चुलतभाऊ सहा महिने आमच्याकडे जेवायला आला नाही. हा म्हणाला, "डाग होता. मी काय, नाही म्हणू?"

हळूहळू गल्लीत रीतच पडली. कोणाचं काही बिनसलं की याच्याकडे यायचं. कोणाच्या कोंबडीने कोणाचे गहू खाल्ले, कोणी कोणाच्या बायकोला काय म्हटलं. हा ऐकून घ्यायचा, जे पाहिलं असेल तेवढंच सांगायचा, आणि लोक ते मानायचे. फारच अडलं तर कोणीतरी आपल्या देव्हाऱ्यातला कानबाईचा नारळ घेऊन यायचं. आमच्याकडे घरोघर तो असतो, कानबाईच्या सणाला पुजलेला, वर्षानुवर्षं जपलेला, वाळून हलका झालेला. त्याच्यावर हात ठेवून सांगितलेलं शेवटचं. बाकीचे लोक त्या नारळाला भ्यायचे. माझ्या नवऱ्याला त्याची गरज नव्हती, तो बिननारळाचंही खरंच बोलायचा. लग्न झालं तेव्हाच त्याने मला सांगितलं होतं, "आपल्यात काही लपवायचं नाही. मी विचारेन ते तू सांगायचं, तू विचारशील ते मी." मला ते आवडलं होतं. माझ्या मैत्रिणींचे नवरे पगार लपवायचे, दारू लपवायचे. माझा नवरा म्हणजे उघडं कपाट होतं, सगळ्या घड्या दिसणारं.

शेजारीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमची गावं नदीच्या दोन अंगांना, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून मला आक्का म्हणायला लागली. घरात ती अहिराणीच बोलायची. दुपारी आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसून साड्यांवरचे सुटे धागे कापायचो. मार्केटमधून गठ्ठे यायचे, छोट्या कात्रीने साडीच्या मागच्या बाजूचे धागे कापायचे, घडी घालून परत द्यायचं. तिचा हात माझ्या दुप्पट वेगाने चालायचा. न बघता कापायची.

तिचा नवरा रात्रपाळीला लूम चालवायचा. सकाळी सव्वाआठला यायचा. आमच्या दोन खोल्यांमध्ये चार इंची भिंत. तो आला की कधीकधी आवाज सुरू व्हायचा, आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू यायचे ते दोनच शब्द: "खरं बोल." कोणाशी बोलत होतीस, खरं बोल. भाजीवाल्याकडे इतका वेळ काय करत होतीस, खरं बोल. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, तू तोंडाने बोल. ती बोलली तरी मार आणि गप्प बसली तरी मार. मी भिंतीवर लाटणं आपटायचे. थोडा वेळ थांबायचं.

एका दुपारी धागे कापता कापता ती म्हणाली, "आक्का, मानूसना कपाळवर त्याना मनमधलं दिसतं ना, तर कितलं बरं व्हतं."

"ते कशाला?"

"तो दारमा ऊना की माले समजतं, आज मारनार शे. मी पोरले लिसन मांगला दारथून निंघी जातू."

"तुला तर आत्ताही समजतं," मी म्हटलं. खरंच समजायचं तिला. तो डबा ओट्यावर कसा ठेवतो, चप्पल एक काढतो की दोन्ही एकदम झटकतो, यावरून ती सांगायची. "समजून तू काय करतेस?"

ती कात्री थांबवून हसली. "पोरले तुनाकडे धाडी देस."

ते खरं होतं. ज्या दिवशी तिची मुलगी सकाळी आमच्याकडे येऊन बसायची, त्या दिवशी आवाज व्हायचाच.

"आणि तुझं मन त्याला दिसलं असतं तर?" मी विचारलं.

तिने साडी उलटी केली आणि दुसऱ्या टोकापासून धागे कापायला लागली. आठ दिवसांनी तिने मला बेत सांगितला.

बेत साधा होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली होती. आखाजीला आमच्याकडच्या सगळ्या लेकी माहेरी जातात, भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो, आणि त्यात कोणी नवरा आडवा येत नाही, कितीही वाईट असला तरी. तिचा भाऊ जवळच, चलथाणला साखर कारखान्यात होता. तो मुराळी म्हणून येणार, ती मुलीला घेऊन उजळ माथ्याने गल्लीसमोरून जाणार आणि परत येणार नाही. "कोनले सांगू नको," ती म्हणाली.

मी लगेच वही काढली. ती नको नको म्हणाली, "काय लिखस, डोकामा ठेव." पण मला डोक्यावर भरवसा नव्हता. तिच्या मनात साड्या, फ्रॉक आणि पैंजण एवढंच होतं. बाकीचं मी घातलं. दाखला मीच घातला, दुसऱ्या नंबरवर. तिकडे शाळेत नाव घालताना अडायला नको.

यादी मी वहीच्या मागच्या पानावर ठेवली होती. पाचव्या दिवशी माझा नवरा रॉकेलची तारीख बघायला वही उघडून बसला आणि त्याला ते पान दिसलं.

"हे काय आहे?"

मला सांगता आलं असतं की गावाकडे न्यायच्या सामानाची यादी आहे. आखाजी होतीच. तो मान हलवून पान उलटून पुढे गेला असता, कारण मी आजवर त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. पण आमच्यात लपवायचं नव्हतं. त्याने विचारलं आणि मी सांगितलं, सगळं, कधी, कोणाबरोबर, आणि परत येणार नाही हेही.

त्याने रॉकेलची तारीख शोधून वही मिटली. मग म्हणाला, "बरं करते आहे ती. मी आपणहून कोणाला काही बोलणार नाही."

आपणहून. हा शब्द मी ऐकला होता. त्याच्यावर खूण करायला हवी होती, पण मला वाटलं, कोण विचारणार आहे?

दाखल्यासाठी ती मराठी शाळेत गेली. बाईंनी कारण विचारलं, तिने सांगितलं की चलथाणला नाव घालायचंय. बाईंनी दाखला दिला, आणि वर्गात मुलीला उभं करून सगळ्यांना सांगितलं की ही आता दुसऱ्या शाळेत जाणार, हिला शुभेच्छा द्या. प्रेमानेच सांगितलं. त्या वर्गात तिच्या नवऱ्याच्या शेजारच्या लूमवाल्याची मुलगी होती. तिने घरी सांगितलं, बापाने खात्यात सांगितलं. माहेरी चार दिवस आंब्याचा रस खायला जाणारी बाई मुलीचा दाखला कशाला काढेल? हा प्रश्न लूमवाल्यालाही पडला. दाखला नंतर पोस्टाने मागवता आला असता. यादी फार पूर्ण होती, हीच चूक.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारणीचा नवरा पाळी संपवून आला तो सरळ घरात गेला, आणि लगेच बाहेर आला. हातात स्टीलचं ताट होतं, ताटात लाल फडक्यावर कानबाईचा नारळ. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझा नवरा कामाला निघायच्या बेतात, एका पायात चप्पल घातलेली. शेजारीण नळावर होती.

तो फार नरम बोलला. तसं त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "दादा, तुम्ही खोटं बोलत नाही. सारी गल्ली जाणते. मला एकच सांगा. ती उद्या माहेरी जाते आहे, ती परत येणार आहे का?"

मी मध्ये पडले. "त्यांना काय माहीत बायकांच्या गोष्टी? ते दिवसभर खात्यात असतात."

"वहिनी, मी तुम्हाला विचारलं नाही."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली, अगदी बारीक. ती त्याने पाहिली, याची मला खात्री आहे. मग त्याने पायातली चप्पल काढली, हात धोतराच्या सोग्याला पुसावा तसा पँटला पुसला, आणि नारळावर ठेवला.

"नाही येणार," तो म्हणाला. आणि लगेच पुढे म्हणाला, "पण तू तिला हात लावायचा नाहीस. आता तू शपथ घे."

शेजारणीच्या नवऱ्याने त्याच नारळावर त्याच जागी हात ठेवला. "नाही लावणार, दादा. खरं कळलं, बस झालं."

माझ्या नवऱ्याचा चेहरा सुटला. कठीण ताका तपासून संपवल्यावर तो असाच दिसायचा. तो चप्पल घालून कामाला गेला.

मी नळाकडे पळाले, पण ती बादली घेऊन दुसऱ्या बाजूने घराकडे निघालीही होती. मी पोहोचले तेव्हा दाराला आतून कडी होती.

त्या सकाळी भिंतीपलीकडून "खरं बोल" एकदाही ऐकू आलं नाही. त्याला विचारायचं काही उरलं नव्हतं. मी लाटणं आपटलं, वरवंटा आपटला, मग गल्लीतल्या बायका गोळा केल्या, आणि आम्ही दार तोडलं तेव्हा बराच वेळ झाला होता. उजवं मनगट मोडलं होतं, दोन दात गेले होते. ती भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे बघत नव्हती.

भाऊ दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मुराळी म्हणून आला, हातात आंब्यांची पेटी. तोपर्यंत नवऱ्याने मुलीला आपल्या आईबरोबर उधना स्टेशनवरून गाडीत बसवून गावी धाडलं होतं. "मोरीत घसरून पडली," त्याने मेहुण्याला सांगितलं. "प्लास्टर आहे. पुढच्या वर्षी न्या." भाऊ बहिणीकडे बघत राहिला. ती म्हणाली, "हो, घसरनू." मुलगी त्याच्या आईकडे होती, ती दुसरं काय म्हणणार? आंबे ठेवून भाऊ गेला.

संध्याकाळी मी माझ्या नवऱ्यासमोर उभी राहिले. मी एकच विचारलं, "का?"

"त्याने विचारलं," तो म्हणाला.

"मी मान हलवली होती."

"पाहिलं मी. पण हात नारळावर होता. आणि खोटं सांगितलं असतं, ती गेली असती, तर तो चलथाणला जाऊन तिथे मारून आला असता. खरं समजलं की माणूस शांत होतो. त्याने शपथ घेतली, तू ऐकलीस ना?"

"ऐकली."

"मग त्याने मोडली. मी नाही मोडली."

तो रडला त्या दिवशी, हे मी लिहिलं पाहिजे. जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी खात्यात जाऊन त्याने खडूने खुणा केल्या आणि त्याचं नाव गल्लीत होतं तसंच राहिलं. उलट वाढलं. लोक म्हणाले, शेजाऱ्याचं घर मोडेल तरी हा माणूस खोटं बोलणार नाही. कौतुकाने म्हणाले. ज्याने हात उचलला त्याला लोकांनी चार दिवस नावं ठेवली, आणि ज्याने तो हात तिच्यापर्यंत पोहोचवला त्याला पंच केलं. मी त्याच्या शेजारी झोपायचे आणि मला वाटायचं, या माणसाने माझ्या तोंडातून तिची गोष्ट काढून घेतली आणि ताटात ठेवून दिली. मारणाऱ्यावर मी कधी विसंबले नव्हते. ह्याच्यावर विसंबले होते.

मनं वाचता आली तर जग सुधारेल, असं मी आता कोणाच्या तोंडून ऐकलं की मला ती सकाळ आठवते. तिच्या मनातलं तिच्या नवऱ्याने वाचलं, अगदी अक्षर न् अक्षर, माझ्या अक्षरात. त्यातला शब्दही चुकीचा नव्हता.

प्लास्टर निघाल्यावर ती पहिल्यांदा माझ्या ओट्यावर आली तेव्हा मी सांगायला लागले, की मी आपणहून नाही सांगितलं, त्यांनी वही पाहिली. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "पाह्यं ते पाह्यं. गावकडला सामाननी यादी शे, इतलं सांगता नही ऊनं तुले?"

मी नव्या गठ्ठ्याची गाठ सोडायला लागले.

"आक्का, तुनी यादी मातर भारी व्हती," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने कात्री उचलली.

त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. दीड वर्ष आम्ही रोज दुपारी एकत्र बसलो. ती डाव्या हाताने धागे कापायला शिकली, आधी साड्यांना छेद पडायचे, मग नाही. गहू महागले, पाणी कमी येतं, कोणाची मुलगी कोणाबरोबर बोलते, सगळं बोलायचो. वर्षभराने मुलगी परत आली, पुन्हा मराठी शाळेत जायला लागली. पुढच्या आखाजीला भाऊ आला, ती चार दिवस गेली, मुलगी इथे ठेवून, आणि पाचव्या दिवशी वेळेवर परत आली. नवरा निवळल्यासारखा झाला. मला वाटलं, तिने मान्य केलं. मला असंही वाटलं की तिने मला माफ केलं, कारण ती हसायची, माझ्या हातचा चहा मागून घ्यायची, आणि मी नळाची यादी नव्याने लिहिली तेव्हा स्वतः येऊन म्हणाली, "माले चार नंबर दे आक्का, तो येवाना टाइमले पानी भरेल पाहिजे." मी दिला.

ज्या दिवशी ती गेली तो साधा मंगळवार होता. सण नाही, पाहुणे नाहीत. आठ वाजता ती बादली घेऊन आली, हिरवी प्लास्टिकची, कडी एका बाजूने तारेने बांधलेली. चौथ्या जागी ठेवली. मग मला म्हणाली, "आक्का, पोरन्या येण्या घालीसन येस. बादलीकडे ध्यान ठेव."

"जा, मी सरकवते," मी म्हटलं.

ती गेली. घराकडे वळायच्या ऐवजी गल्लीच्या तोंडाकडे गेली. मी पहिलीची कळशी भरत होते. दुसरीचा हंडा लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिची मुलगी साडेसातलाच शाळेत गेली होती. मी स्वतः तिला जाताना पाहिलं होतं, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी.

तिच्या हातात पिशवी नव्हती. अकरातली एकही वस्तू नव्हती. पायात घरातल्याच स्लिपर.

मला हाक मारता आली असती. कोणाला तरी पाठवता आलं असतं, ती अजून रस्त्यापर्यंतही पोहोचली नसेल. निरोप तरी घेतला असता, इतकं तरी म्हटलं असतं की जा. त्या क्षणी मला खरंतर राग आला, डोळ्यांत पाणी येण्याइतका. दीड वर्ष ही माझ्या शेजारी बसून हसत होती, आणि तिच्या मनात हे होतं, आणि तिने मला त्याचा धागाही दिसू दिला नाही. मी बादली एक जागा पुढे सरकवली.

सव्वाआठला तिचा नवरा आला. घरात डोकावला, मग नळापाशी आला. "वहिनी, ही कुठे?"

"तिची बादली रांगेत आहे," मी म्हटलं आणि दाखवली. हिरवी, तारेची. त्याने ती ओळखली. रांगेत बादली म्हणजे बाई आसपास, हे गल्लीत लहान मूलही सांगेल. तो घरात गेला. चौथा नंबर आला तेव्हा मी बादली काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवली. तो अंगावर चादर घेऊन झोपला होता. दुपारी दोनपर्यंत झोपला.

संध्याकाळी ताट आलं, लाल फडकं, नारळ. माझा नवरा कामावरून नुकताच आला होता. सारी गल्ली उभी.

"दादा, तुम्हाला काय माहीत आहे?"

माझ्या नवऱ्याने चप्पल काढली आणि हात ठेवला. "मला काहीच माहीत नाही." ते खरं होतं, आणि सगळ्यांनी ते मानलं. मग ताट माझ्यासमोर आलं. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, त्याच्या नेहमीच्या विश्वासाने.

मी हात ठेवला. नारळ आत पोकळ होता, बोटांना कळत होतं. "सकाळी बादली ठेवली, तेव्हा ती म्हणाली, पोरीच्या वेण्या घालून येते, बादलीकडे लक्ष ठेव. एवढंच म्हणाली."

शब्दन्‌शब्द खरं होतं. आणि हात नारळावर असतानाच मला उमगलं की हे वाक्य तिने मला का दिलं होतं. तिला माहीत होतं की नारळ येणार. तिला माहीत होतं की आमच्या घरातून खोटं निघत नाही, म्हणून तिने आम्हाला पुन्हा पुन्हा सांगता येईल असं काहीतरी देऊन ठेवलं. चार नंबरसुद्धा त्यासाठी, तो येईल तेव्हा बादली रांगेतच दिसावी म्हणून. दीड वर्ष तिने आमच्या खरेपणाचा हिशोब करून ठेवला होता, माझ्या नवऱ्याचा आणि माझाही.

तिचा नवरा चलथाणला गेला. भावाने देव्हाऱ्यापुढे हात ठेवून सांगितलं, माझ्याकडे नाही, मला ठाऊक नाही. तेही खरं होतं. या वेळी तिने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. शाळेच्या बाईंनी सांगितलं की आई आली होती, मुलीला दवाखान्यात न्यायचंय म्हणाली. दाखला मागितला नाही.

त्या रात्री जेवताना माझ्या नवऱ्याने विचारलं, "तुला सकाळी काही लक्षात आलं नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "मला वाटलंच. असतं तर तू मला सांगितलं असतंस." तो विषय तिथे संपला. माझं त्याच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं, आणि ते पटायला एक घासही वेळ लागला नाही. त्याने पुढे एकदा विचारलं, त्या जुन्या गोष्टीचं तू मला माफ केलंस ना? मी हो म्हटलं. तेही त्याने मानलं. आता तो घरीच असतो, सकाळी पेपर वाचतो, आणि अजूनही विचारलं तर खरं सांगतो. मी विचारत नाही फारसं.

शेजारणीचा नवरा वर्षभराने खोली सोडून गेला. पुढे आमच्या गल्लीतल्या एका बाईला नंदुरबारकडच्या एका लग्नात ती दिसली म्हणे. अंग भरलेलं, बरोबर मोठी झालेली मुलगी, जेवण वाढत होती डाव्या हाताने. या बाईने जाऊन ओळख दिली, तर ती म्हणाली, "तुम्ही मला दुसऱ्या कोणाला तरी समजताय, बाई." शुद्ध मराठीत.

"तीच होती," ती बाई मला सांगत होती. "शंभर टक्के तीच. माझ्या तोंडावर खोटं बोलली बघ."

"नसेल ती," मी म्हटलं.

हिरवी बादली खोली रिकामी झाली तेव्हा बाहेर राहिली होती. मी ती घरात आणली. तिची कडी मी नंतर नवीन तारेने बांधली. दर वर्षी नवी वही घेतली की जुन्या वहीतली राहिलेली कामं मी नव्या वहीत उतरवून घेते, आणि त्यात शेवटी एक ओळ असते: बादली, तिची, परत द्यायची. कोणाबरोबर आणि कुठे, ते लिहिलेलं नाही. त्या ओळीपुढे खूण झालेली नाही, आणि माझ्या नवऱ्याने ती वाचली तर काय सांगायचं, ते माझं ठरलेलं आहे.